मागच्या फळीवरची टकटक

सुतारकाकांच्या धाकट्या मुलीला जुळे झाले, त्या वर्षी माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुने लाकडी कपाट आहे. काकांच्या अंगणात तेव्हा एकाच ढिगातल्या फळ्यांतून तीन कामे चालली होती, दोन पाळणे आणि मी. पाळण्यांत नाती झोपायच्या होत्या. माझ्यात एक मोठा माणूस लपायचा होता, कारण मी घरासाठी नव्हते, नाटकासाठी होते. म्हणून माझ्या पोटात एकही कप्पा नाही.

नाटक बसवणाऱ्या मास्तरांनी काकांना बजावले होते, "खोटं कपाट आहे. कडी नुसती रंगवा."

"बिनकडीचं कपाट मी जन्मात केलं नाही," काका म्हणाले. "उद्या कुणी हसलं तर?"

"अहो काका, विनोदी नाटक आहे. हसायलाच येणार आहेत लोक!"

पण काकांनी ऐकले नाही. त्यांनी मला बाहेरून चांगली जाड लोखंडी कडी बसवली.

माझ्यात लपणारा माणूस म्हणजे भाऊ. नाटकमंडळीत सगळे त्यांना भाऊच म्हणत. ते नुसते चष्मा पुसू लागले तरी लोकांना हसू फुटे. या नव्या नाटकात ते जावई झाले होते. सासूला आपण गावाला गेल्याची थाप मारून हा जावई घरात लोळत पडलेला असतो. अचानक सासू येऊन टपकते. जावई माझ्यात शिरतो आणि ती पाठ फिरवते तोच बाहेर येऊन खिडकीतून पळतो. मी त्यांना घटकाभर पोटात ठेवायचे, एवढेच माझे काम.

पहिल्या प्रयोगाला गंमत झाली. सासूचे काम आक्का करीत. त्यांनी नाटकाबरोबर मोठे घरही सांभाळले होते. उघडे कपाट दिसले की त्यांचा हात आपोआप कडीकडे जाई. त्या संध्याकाळीही त्या बोलता बोलता माझ्याजवळून गेल्या आणि जाता जाता कडी घालून मोकळ्या झाल्या. त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते.

भाऊंनी आतून दार ढकलले. पुन्हा ढकलले. मग खांदा लावला. त्यांना धाप लागली.

"अहो, उघडा! कडी लागलीय! खरंच उघडा हो!"

ते दोन्ही मुठींनी मला बडवू लागले आणि बाहेर लोक पोट धरधरून हसू लागले. आक्कांना आपली चूक कळली, पण त्या मुरलेल्या नटी. जागच्या न हलता म्हणाल्या, "मेले उंदीर! जावई गावाला गेला की यांचं राज्य!" लोकांनी नाट्यगृह डोक्यावर घेतले. त्या गदारोळात आक्कांनी हळूच कडी काढली. भाऊ घामाने निथळत बाहेर कोसळले, त्यावर पुन्हा टाळ्या.

पडदा पडल्यावर आक्का धावत आल्या. "माफ करा हो भाऊ. हाताची सवय मेली!"

"माफी कसली मागता?" मास्तर म्हणाले. "रोज घाला कडी!"

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात कपाटाच्या प्रवेशाचे कौतुक छापून आले. मलाही फार अभिमान वाटला. पुढच्या प्रयोगाला भाऊंनी कडी घालू न देता नुसतेच दार बडवून पाहिले. लोक हसले, पण बेताचे. मास्तरांनी मान हलवली. "परवा जीव होता भाऊ. आज नुसता आवाज." तेव्हापासून कडी खरोखरच लागू लागली.

आत काय होई ते फक्त मला ठाऊक. भाऊंचे तळवे गार पडत. ते माझ्या फटीला नाक लावून श्वास घेत. बाहेरचे हसू भिंतीवर बादलीने पाणी मारावे तसे माझ्या अंगावर आदळे, आणि ते जितके मोठे तितके भाऊ आत लहान लहान होत जात.

भाऊंच्या पत्नी, आमच्या वहिनी, मंडळीचे कपडे सांभाळत. एका दुपारी रिकाम्या रंगमंचावर त्या भाऊंचा सदरा घेऊन आल्या.

"हा असा कसा भिजतो?"

"काम केलं की घाम येतोच."

"मला सांगता? नाटकभर उड्या मारता, तेव्हा कोरडे असता. कपाटातून आलात की सदरा पिळून घ्यावा लागतो."

भाऊ माझ्या पायाशी बसले. "जीव घाबरतो गं. कडी लागली की वाटतं, आता हे सगळे हसून हसून घरी जातील आणि मी इथेच राहीन."

"मग मास्तरांना सांगा ना सरळ."

"काय सांगू? मी तोंड उघडलं की लोक आधीच हसायला लागतात."

तरी त्यांनी सांगितले. मास्तरांच्या डोळ्यांत हसून पाणी आले. "विनोदी नट कपाटाला भितो! वा! हे पुढच्या नाटकात घेऊ!" मग भाऊही हसले. दुसरे काय करणार?

वहिनी काकांकडे गेल्या. काकांनी गुपचूप माझी मागची फळी मोकळी केली आणि तिला आतून फिरवायची लाकडी फिरकी बसवली. फिरकी वळवली की भाऊ मागून बाहेर.

त्या संध्याकाळी भाऊ फिरकीवर बोट ठेवून उभे राहिले. श्वास संथ होता. त्यांनी दार मजेत, ठेक्यात बडवले. लोक जेमतेम हसले. आक्कांचे उंदीरही वाया गेले. पडद्याआड सगळ्यांचे चेहरे उतरले, कारण आधीचे नाटक पडल्यावर ही माणसे कितीतरी दिवस घरी बसून होती आणि आता या नाटकावर सगळ्यांची पोटे होती.

दुसऱ्या दिवशी भाऊच काकांना म्हणाले, "ती फळी ठोकून टाका."

"वेड लागलंय का तुम्हाला?" वहिनी ओरडल्या.

"सुटता येतं म्हटलं की मला भीती वाटत नाही. मला भीती वाटली नाही की लोकांना हसू येत नाही. आता तूच सांग, मी काय करू?"

काकांनी खिळे ठोकले. मला घडवताना त्यांचा हात इतका जड कधी पडला नव्हता.

त्या संध्याकाळी कडी लागली. भाऊंनी जिवाच्या आकांताने दार बडवले. लोक हसले, अगदी पहिल्या दिवसासारखे. एवढ्यात माझ्या पाठीवर कुणीतरी हळूच दोनदा टकटक केली. मागच्या अरुंद जागेत बादली पालथी घालून वहिनी बसल्या होत्या. भाऊ क्षणभर थांबले. त्यांनी त्या फळीला पाठ टेकली. मग पुन्हा बडवू लागले.

भीती गेली नाही. सदरा रोज भिजतच राहिला. पण नाटक चालले तितकी वर्षे वहिनींची बादलीही तिथेच राहिली.

मग नाटक बंद झाले. मला गोदामात आणून भिंतीकडे तोंड करून उभे केले. माझी कडी गंजून बसली आहे. दार उघडायला आता जागाच नाही. कोंडून राहणे म्हणजे काय, ते मला आता कळले. मित्रांनो, कुणी आतून दार बडवताना गंमत वाटली तर खुशाल हसा. पण तुमच्यातल्या एकाने तरी उठून मागे जा आणि टकटक करा.

मध्यंतरी वहिनी इथे आल्या होत्या. काकांची एक नात त्यांचा हात धरून होती. त्या दोघींच्या बोलण्यातूनच मला भाऊंचे कळले. वहिनींनी माझ्या पाठीवरची धूळ पदराने पुसली, दोनदा टकटक केली आणि जरा वेळ कान लावून उभ्या राहिल्या.

काकांच्या जुळ्या नातींची लग्ने झाली, त्याच वर्षी भाऊ वारले. दुपारची वेळ होती. वहिनी उशाशी होत्या आणि घराची सगळी दारे उघडी होती.