हळदीच्या तळव्यावरचा विषाणू

नागपूरजवळच्या खाप्यात रेणूबाबांच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका डाव्या तळव्याला ओली हळद फासून सकाळपासून रांगेत बसल्या होत्या. बाबांच्या मागे वर्तमानपत्राचं भलंमोठं कात्रण लावलं होतं आणि त्यात मावशीला न्यायला आलेल्या हिमानीचाच फोटो होता. ‘नागपूरच्या संशोधिकेने सोडवली कर्करोगाच्या विषाणूची पकड!’ हिमानीनं जवळ जाऊन ते वाचलं. हे काम अजून काचेच्या बशीतल्या पेशींपुरतंच आहे, असं बातमीच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं. बाबांनी तेवढी ओळ कात्रीनं उडवली होती.

“विषाणूचं प्रथिन आपल्या पेशीच्या राखणदाराले धरते!” बाबा गरजले. “थे पकड सोडवाले या पोरीले पाच वर्षं लागले. मले पाच मिनिटं!”

हिमानीच्या गोपिकामावशीला याच विषाणूनं गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला होता. रेडिएशनचे पंचवीस शेक ठरले होते. अकरा झाले आणि बाराव्याला जायचं नाही म्हणून मावशी अडून बसली.

“काहून जाऊ वं? तुयंच तं काम करून राहिले बाबा!”

बाबांनी तिच्या तळव्यावर तीर्थ ओतलं. हळद लालभडक झाली. “निघाला विषाणू!” मांडवात जयजयकार झाला.

हिमानीनं उरलेली हळद बाबांच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीला फासली, वर तेच तीर्थ ओतलं. खुर्ची लाल.

“बाबा, खुर्चीले कॅन्सर झाला काय?”

“भक्तायची पीडा खुर्चीनं ओढून घेतली!” बाबांची जीभ काही अडखळली नाही.

“देवरावकाका, तुमची खर्र्याच्या तंबाखूतली चुन्याची डबी द्या.” मावशीच्या नवऱ्यानं ओशाळून डबी काढली. हिमानीनं चिमूटभर चुना पेल्यातल्या पाण्यात ढवळला आणि स्वतःच्या हळदीच्या बोटावर ओतला. बोट लाल.

रांगेतल्या यमुताई ताडकन उठल्या. “अवं, हे तं कुंकू झालं! माही सासू हळदीत चुना घालून असंच कराची!”

बायका हसल्या, मग चिडल्या. बाबा कात्रण तिथंच टाकून मागच्या बाजूनं सटकले.

मावशी मात्र रडवेली झाली. “मंग तुयं औषध कधी येईन?”

“ठाऊक नाही, मावशी. विषाणूची पकड बसूच नये म्हणून आम्ही मधे एक पाचर बसवून पाहून राहिलो. दहा वर्षं लागतीन, कदाचित जमणारही नाही.” हिमानीनं मावशीचा लाल तळवा हातात घेतला. “पण शेक आजच्या घडीले हाय. त्यानं तू बरी होऊ शकते. थो अर्धा सोडू नको.”

मावशीनं तळवा पदराला पुसला. “उद्या किती वाजता निघाचं?”

असा कोणी बाबा भेटला तर फार वाद घालू नका. तोच चमत्कार त्याला खुर्चीवर करायला सांगा, आणि दवाखान्याची तारीख चुकवू नका.