स्टेन्सिलचं टोक

सौंसरच्या हायस्कुलात केशवराव मराठी शिकवत, पण गावात त्यांची ओळख होती ती स्टेन्सिलवरच्या अक्षरासाठी. परीक्षेचा पेपर असो की गणपतीची पत्रिका, मेणाच्या त्या पातळ कागदावर लोखंडी टोकाच्या पेनाने अक्षर कोरायचं काम त्यांच्याकडेच येई. कागद सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर चढला की पहिल्या प्रतीपासून शेवटच्या प्रतीपर्यंत अक्षर स्वच्छ निघे.

ते रिटायर झाले आणि वर्षभरात त्यांचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, जिवाला धोका नाही. पण केशवरावांच्या हातून एकामागून एक स्टेन्सिल फाटले आणि एक दिवस त्यांनी पेन, खाली ठेवायची पत्र्याची पाटी, सगळं गुंडाळून कपाटावर टाकलं. मग ते शाल घेऊन बसू लागले. उन्हाळ्यातही शाल. हात तिच्याखाली.

त्यांची सून प्रतिभा प्राथमिक शाळेत पहिलीला शिकवत असे. चौऱ्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर तिच्या मनात आलं, की पोरांना गिरवायला मोठ्या अक्षरांचे कागद करावेत. ‘स’ला संत्रा, ‘क’ला कापूस, रोज डोळ्यांपुढे असतं तेच. हायस्कूलचं यंत्र वापरायची परवानगी मिळाली. तिने कपाटावरून सासऱ्यांचं पेन काढलं आणि पहिल्याच ओळीत कागद कापला जाऊन ‘व’चं पोट गळून पडलं. ‘ब’चंही तेच.

तिने टोकावर बोट फिरवलं. झिजून त्याला एका बाजूने धार आली होती.

“बाबूजी, तुमचा हातच नाई, हे टोकही बिघडलं होतं,” ती म्हणाली. “कागद कापून राहिलं हे. माह्या हातूनही फाटला.”

केशवरावांनी वर पाहिलं नाही. “असंन. आता मले कायले सांगतं?”

तिचा नवरा अरविंद कामाला नागपूरला गेला तेव्हा नवी टोकं घेऊन आला. ती पेनाच्या तोंडात नुसती खुळखुळली. त्यांचा दांडा बारीक पडत होता. प्रतिभाने दोरा गुंडाळून पाहिला, पण टोक दाबलं की आत सरके.

“पेन सोबत न्यायला पाहिजे होतं,” अरविंद ओशाळून म्हणाला.

“राहू दे बापा,” केशवराव खाटेवरून बोलले. “कोणाचं काही अडलं नाई.”

पण प्रतिभाचं अडलं होतं. रविवारी तिने पेन रुमालात बांधलं, स्टेन्सिलचे उरलेले तुकडे पिशवीत घातले आणि पांढुर्ण्याची बस धरली. रस्त्याला बगीच्यांत संत्र्यांची तोड चालली होती आणि बसमध्ये अर्ध्या लोकांच्या मांडीवर टोपल्या होत्या.

पांढुर्ण्यात तुळशीरामचं स्टेशनरीचं दुकान होतं. त्याने टोकांची डबी गल्ल्यावर उपडी केली. “पाहा बाई, जे बसंन ते तुमचं.”

तिने एकेक टोक पेनात बसवून पाहिलं. काही सैल, काही आत शिरेचनात. शेवटी जी नीट बसली ती तीनच निघाली. त्यातलं एक सुईसारखं अणकुचीदार होतं. दुसऱ्याला मोहरीएवढा गोल मणी होता. तिसरं वेगळंच होतं, वाकवलेल्या तारेचा छोटा फास. असं टोक तिने कधी पाहिलं नव्हतं.

“हे चित्रात काळं भरायले राहते,” तुळशीराम म्हणाला. “कोणी नेत नाई.”

तिने पत्र्याच्या पाटीचा नमुना मागून घेतला, त्यावर तुकडा ठेवला आणि लिहून पाहिलं. तिन्ही टोकं चांगली चालली. पण ती फक्त आपल्या हातासाठी थोडीच आली होती? टोक बाबूजींच्या हातात चालायला हवं होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आपला उजवा हात मुद्दाम थरथरवत ‘व’ काढायला घेतला.

तुळशीराम घाबरला. “बाई, तब्येत बरी नाई का? बसा, पाणी आणतो.”

“बरी हाये हो,” तिला हसू आलं. “हात मीच हलवून राहिली.”

तो स्टूल पुढे सरकवून उभा राहिला. अणकुचीदार टोकाने कागद टराटरा फाटला. मण्याच्या टोकाने जरा बरं झालं. तारेचा फास मात्र कागदावरून घसरत गेला. रेघ जाड आली, थोडी वाकडी आली, पण कागद कुठेच तुटला नाही आणि ‘व’चं पोट जागेवर राहिलं. तिने आपल्यासाठी मण्याचं आणि बाबूजींसाठी तारेचं टोक घेतलं.

घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं, हात हलवल्याचंही. सांगून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की ते सांगायला नको होतं.

केशवरावांचा चेहरा उतरला. “दुकानात माह्या हाताची नक्कल केली तू?”

“टोक तपासायले केली, बाबूजी. दुसरं कसं समजलं असतं?”

त्यांनी शाल आणखी घट्ट ओढून घेतली. मग म्हणाले, “कसा हलवला? दाखव.”

तिने भीतभीत हात वरखाली हलवून दाखवला.

“चूक,” केशवराव म्हणाले, अगदी वर्गात म्हणत तसं. त्यांनी शालीतून हात बाहेर काढला आणि तिच्यापुढे धरला. “माहा हात आडवा हलते. असा. पाहा नीट.”

प्रतिभाने पाहिलं. इतक्या दिवसांत तो हात तिने असा समोर धरलेला पाहिला नव्हता. “म्हणजे आडवी रेघ सरळ येईन,” ती हळूच म्हणाली. “बोंब होईन ते उभ्या रेघेची.”

केशवराव आपल्या हाताकडे पाहत राहिले. “पाटी आण,” ते म्हणाले.

त्यांनी आधी जुन्या धोतराची पट्टी फाडून तारेचं टोक बसवलेल्या पेनाला गुंडाळली, म्हणजे मुठीत नीट बसेल. शिरोरेघ मारली. ती आली. ‘स’ची उभी रेघ मात्र सापासारखी गेली. ते थांबले, पाटी कागदासकट आडवी फिरवली, आणि तीच उभी रेघ आडवी ओढली. हात हलत होता, पण रेघेच्या वाटेनेच हलत होता. पाटी पुन्हा सरळ केली तेव्हा ‘स’ ताठ उभा होता.

“आई, इकडे या!” प्रतिभा ओरडली. सासूबाई अंबाबाई पिठाच्या हातांनीच धावत आल्या.

एकेका अक्षराला पाटी चार वेळा फिरायची. दोन स्टेन्सिल वायाही गेले. पण केशवरावांनी आठवडाभरात सगळी मुळाक्षरं पूर्ण केली. मोठी अक्षरं त्यांची आणि खालचे बारीक शब्द प्रतिभाचे. सोमवारी हायस्कुलात जाऊन यंत्राचा दांडा त्यांनी डाव्या हाताने स्वतः फिरवला. ओले कागद वाळायला व्हरांड्यात पसरले तेव्हा जुने सहकारी वसंत गुरुजी वाकून बघत म्हणाले, “केशवराव, अक्षर जाड झालं तुमचं.”

“पहिलीच्या पोरायले जाडच पाहिजे,” केशवराव म्हणाले.

पोरांनी ते कागद गिरवले, रंगवले, एकाने संत्र्याला हिरवा रंग दिला. बोरगावच्या शाळेतल्या बाईंनी पाहिले आणि त्यांनाही हवे झाले. जानेवारीत हायस्कूलचा शिपाई सव्वीस तारखेच्या पत्रिकेसाठी घरी आला, तेव्हा केशवरावांनी त्याला सरळ सांगितलं, “मथळा मी देतो. बारीक मजकूर आमच्या सूनबाईकडून घ्या. माह्यापेक्षा तिचं बरं येते आता.”

प्रतिभा आतून ऐकत होती. ती बाहेर आली तेव्हा शिपाई गेला होता आणि केशवराव पाटीवर नवा कागद लावत होते.

“तुहे अनुस्वार मात्र डावीकडे पडून राहिले,” ते मान वर न करता म्हणाले. “बस इथं. दाखवतो.”

ती त्यांच्या शेजारी बसली.