डब्यात काय भरू?

मित्रांनो, बुडाला दोन पोचे, झाकण जरासं तिरकं आणि पोटावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं एक नाव, असा मी एक जुना स्टीलचा डबा आहे. नवेगाव बांध या गावी, सुमनबाईच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर मी बसलो आहे. माझं झाकण काढून बाजूला ठेवलं आहे. डब्याच्या जातीला असं तोंड वासून बसणं शोभत नाही, पण सुमनबाईनेच तसं ठेवलंय. त्याचं कारण सांगायचं तर मला थेट कॅनडापर्यंत जावं लागेल. हसू नका. मी खरंच जाऊन आलोय, आणि तेही एकदा नाही.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. कुणीतरी पत्रा दाबला, घासला, चकचकीत केला, एवढंच अंधूक आठवतं. मला खरी जाग आली ती गोंदियाच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानात. सुमनबाई आणि तिचे यजमान यादोराव लेकीसाठी डबा घ्यायला आले होते. यादोराव जंगलखात्याच्या कामावर होते, आणि त्यांची एकुलती एक लेक रंजिता नर्सिंग शिकायला गोंदियाच्या होस्टेलवर राहणार होती. सुमनबाईने दुकानातले सगळे डबे उघडून-लावून पाहिले, झाकणाशी नाक नेलं, आणि मला निवडलं. मग दुकानदाराने नाव टाकायचं यंत्र माझ्या पोटावर टरटर फिरवलं. अरे बापरे, काय त्या गुदगुल्या! तेव्हापासून माझ्या पोटावर ‘रंजिता’ असं नाव आहे.

माझं काम ठरलेलं होतं. सुक्या मासोळ्या सांभाळायच्या. गावच्या तलावातल्या, म्हणजे बांधातल्या, बारक्या मासोळ्या, मीठ लावून उन्हात कडक वाळवलेल्या, निखाऱ्यावर भाजून लसूण-मिरचीत परतलेल्या. होस्टेलवर माझं झाकण उघडलं की पलीकडच्या खोल्यांतून पोरी धावत येत. “रंजिता, आज डिब्बा खुला क्या?” अशी गोंदियाची हिंदी कानावर आली की मी फुगून बसायचो. भात कुणाच्याही ताटातला असो, मासोळी माझ्यातली. असा मान फार थोड्या डब्यांना मिळतो, मित्रांनो.

शिकून झाल्यावर रंजिताने दोन-तीन वर्षं नोकरी केली, कसल्याशा परीक्षा दिल्या, आणि एक दिवस तिचं कॅनडाला जायचं पक्कं झालं. सुमनबाई रडली नाही. तिने मला राखेने घासलं, उन्हात तापवलं, गच्च भरलं आणि झाकणाभोवती कापडाची पट्टी बांधली.

“एकटं वाटलं का उघडजो,” ती लेकीला म्हणाली. “आपल्या घरचा वास येईन.”

वास आला, मित्रांनो. तोच तर नडला.

तिकडे रंजिताला एका घराच्या तळमजल्यावरची खोली मिळाली होती. वर घरमालकीण राहायची, म्हातारी, प्रेमळ, गुडघ्यांनी अधू. बाहेर बर्फ. खिडक्या बंद, दारं बंद, गरम हवा घरातल्या घरातच फिरणारी. पहिल्या आठवड्यात रंजिताला कुणाचं बोलणं धड समजेना, बसचा रस्ता चुकला, पायातल्या बुटांत बर्फ शिरलं. खोलीवर येऊन तिने भात लावला आणि मला उघडलं. पहिला घास तोंडात गेला आणि पोरगी हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून पोटभर जेवली. मला वाटलं, चला, इथेही आपला मान आहे.

दुसऱ्या दिवशी घरमालकीण टॉर्च घेऊन जिना उतरली. भिंतीत उंदीर मेलाय की काय, असा तिला संशय आला होता. तिने नाकाला रुमाल लावला आणि रंजिताला विचारलं, तुलाही येतोय का गं वास?

मी पलंगाखाली होतो. मला वाटलं, आता रंजिता मला बाहेर काढेल, हसेल, म्हणेल की आजी, हा माझ्या आईचा डबा. पण पोरीचा चेहरा पडला. ती म्हणाली, हो, येतोय खरा. आणि ती त्या म्हातारीबरोबर मेलेला उंदीर शोधू लागली! कपाटामागे पाहिलं, कोपरे पाहिले, मोरीत वाकून पाहिलं. पलंगापाशी मात्र ती माझ्याकडे पाठ करून बसली, म्हातारीला वाकूनही दिसू नये अशी. त्या घटकेला तिच्या पाठीला सुटलेला घाम मी पाहिलाय.

त्यानंतर तिने मला तीन पिशव्यांत गुंडाळलं. पण वास कोटात बसला होता, केसांत बसला होता. ती एका वृद्धाश्रमात काम करायची. परक्यांच्या आईबापांना न्हाऊ-खाऊ घालायचं, त्यांच्या उशा सारख्या करायच्या. तिथल्या एका आजीने तिच्या हातून घास घेताना तोंड फिरवलं. मग तिथल्या मुख्य बाईने तिला बाजूला नेऊन अगदी गोड शब्दांत कपड्यांबद्दल सांगितलं. घरी येऊन रंजिता अंग घासघासून न्हाली. कोट तिने बाहेर थंडीत टांगला. आणि मला घेऊन मागच्या गल्लीतल्या मोठ्या कचरापेटीपाशी गेली.

माझं अर्धं पोट भरलेलं होतं. तिने झाकण काढलं, मला उलटं केलं आणि बुडावर थापा मारल्या. खालून मासोळ्या पडत होत्या आणि वरून तिची आसवं. “आई, माफ कर वो,” ती पुटपुटली. मग तिने मला सुवासिक साबणाने घासलं, तीनदा.

रविवारी आईचा फोन आला.

“मासोऱ्या आहेत का सरल्या?” सुमनबाईने विचारलं.

“सरल्या, आई. बोटं चाटून खाल्ल्या.”

पलीकडून सुमनबाई इतक्या जोरात ओरडली की मला फळीवरसुद्धा ऐकू आलं. “अजी, आयकता का! पोरीनं सप्पा खाऊन टाकल्या! थांब बाई, आनखी धाडून देतो.”

झालं. एका खोट्यातून माझा प्रवास सुरू झाला.

आमच्या जवळच्या अर्जुनीचा इंद्रकुमार त्याच शहरात ट्रक चालवायचा आणि दर उन्हाळ्यात गावी यायचा. तो मला घेऊन यायचा आणि परतताना भरून न्यायचा. दुसऱ्याचा डबा रिकामा परत देऊ नये, ही आपल्याकडची रीत रंजिता विसरली नव्हती. ती माझ्यात चॉकलेटं भरायची, बदाम भरायची, आईच्या भेगाळलेल्या टाचांसाठी मलम ठेवायची. सुमनबाई चॉकलेटं आळीतल्या पोरांना वाटायची. मलम मात्र जपून ठेवायची, लावायची नाही.

आणि मग मासोळ्यांची तयारी. तुम्हाला काय सांगू! यादोराव भल्या सकाळी बांधावर जाऊन मासे धरून परतणाऱ्या ढिवरांच्या डोंग्यांची वाट पाहत बसायचे. सुमनबाई अंगणात खाटेवर जुनं लुगडं अंथरून मासोळ्या पसरायची आणि हातात काठी घेऊन दिवसभर राखणीला बसायची. कावळे, मांजरी, शेजारचा कुत्रा, सगळ्यांशी तिचं भांडण. “माह्या पोरीच्या घासावर डोरा ठेवता का रे, मुडद्यांनो!” काट्यांनी तिच्या बोटांना भोकं पडायची. शेजारची दुर्गेश्वरी म्हणायची, “काकू, सावलीत तं बसा.” पण सुमनबाई हलायची नाही.

तिकडे मी पोचलो की रंजिता घरात माझं झाकणही उघडत नसे. तशीच कचरापेटीपाशी जायची आणि श्वास रोखून मला उलटं करायची. तिची गाडी रुळाला लागली होती आता. बर्फात चालायला ती शिकली, गाडी चालवायला शिकली, तिथल्या लोकांसारखं हवेपाण्यावर बोलायला शिकली. वृद्धाश्रमातल्या आज्या तिचीच वाट पाहू लागल्या. चांगलंच झालं की! पण दुसऱ्या वर्षी कचरापेटीपाशी तिला रडू आलं नाही. मला रिकामं करून ती तिथेच थंडीत उभी राहिली, डोळे चोळून पाहिले, तरी येईना. आणि रडू येत नाही याचंच पोरीला रडण्याहून जास्त लागलं. खोलीवर येऊन ती मला मांडीवर घेऊन बसली. माझ्यावरच्या तिच्या नावावरून बोट फिरवत राहिली. त्या रविवारी फोनवर ती म्हणाली, “या खेपेला तं लईच मस्त झाल्या होत्या, आई.” जितकं मन खाई, तितकी ती कौतुक वाढवून सांगे.

मित्रांनो, मी दोन्हीकडचं पाहत होतो. इकडचं ऊन आणि तिकडची कचरापेटी, दोन्ही माहीत असलेला या जगात मी एकटाच. पण डब्याला झाकण असतं, जीभ नसते.

यंदा रंजिता स्वतःच मला घेऊन आली. चार वर्षांनी. नागपूरच्या विमानतळापासून घरापर्यंत यादोराव तिचा हात धरून होते. त्यांचा दुसरा हात गळ्यात बांधलेला होता. बांधावर पाय घसरून पडले होते. पुराच्या पाण्यात निसटल्या असतील की काय, यंदा बारक्या मासोळ्या कमीच, म्हणून ते पलीकडच्या काठापर्यंत चालत गेले होते. रंजिताला हे फोनवर कुणी सांगितलं नव्हतं. खोटं बोलायला काय, सगळ्यांनाच येतं.

घरी सुमनबाईने चुलीवर मासोळ्या भाजायला घेतल्या होत्या. दुर्गेश्वरी मुद्दाम पाहायला आली होती. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली रंजिताला पाटावर बसवलं. ताटात गरम भात, वर मासोळ्या.

“पाय वो दुर्गेश्वरी,” सुमनबाई सांगत होती, “लोकायच्या पोरी तिकडं जाऊन पिझ्झा खातेत. माही पोरगी तिकडं बी याच खाते.”

रंजिताने घास घेतला. गिळला. दुसरा घेतला. प्रत्येक घासावर ती पाणी पीत होती, मला फळीवरून दिसत होतं. सवयच मोडली होती, मित्रांनो. तो वास आता तिलाही सोसवत नव्हता. सुमनबाईने आणखी वाढल्या.

“तू घे ना, आई,” ती कशीबशी म्हणाली.

“आमी नाही खाल्ल्या यंदा. होत्याच कितीक! तुह्या डब्याच्या म्हून राखून ठेवल्या.”

रंजिताचा हात ताटातच थांबला. तिने बापाच्या गळ्यातल्या हाताकडे पाहिलं, आईच्या बोटांकडे पाहिलं.

“आई, मी फेकल्या,” ती म्हणाली. “पहिल्या डब्यातल्या थोड्या खाल्ल्या. मंग फेकल्या. दरसाल फेकल्या. लोक वास येते म्हनत. मले लाज वाटे. आता तं मलेच खाल्ल्या नाही जात, आई.”

दुर्गेश्वरी पदर सावरून हळूच उठून गेली. यादोराव खाली पाहत राहिले.

“फेकल्या?” सुमनबाईने विचारलं. “कुठं?”

“कचऱ्यात.”

“मांजरीले तरी घालाच्या होत्या,” सुमनबाई म्हणाली. “चार साल मी कावऱ्यासंग भांडलो. तेच खाऊन गेले असते तं बरं झालं असतं. मले सांगतलं काऊन नाही? मी का तुले मारलं असतं?”

तिने ताट उचललं आणि मागच्या अंगणात गेली. रंजिता मागे धावली, पाया पडली, रडली. सुमनबाईने तिला उठवलं, पण बोलली नाही. ते दिवस घरात फार जड गेले. रंजिता आईचे पाय चेपायची, ते जपून ठेवलेलं मलम तिच्या टाचांना लावायची. सुमनबाई लावू द्यायची, पण भिंतीकडे तोंड करून.

जायच्या आदल्या दिवशी सुमनबाईने मला खाली काढलं. राखेने घासलं, चिंचेने घासलं, पुन्हा राखेने. वास घेऊन पाहिला आणि पुन्हा घासलं. मग मला तसंच रिकामं लेकीपुढे ठेवलं.

“सांग आता,” ती म्हणाली. “तिकडं काय चालते? वास नाही येत असं काय भरू? तुले काय खावंसं वाटते, तेच बनवून देतो.”

रंजिता माझ्याकडे पाहत राहिली. मुरमुरे? तिकडे मिळतात. चटणी? ती तिखट खात नाही आता. पापड, लोणचं, तिळाचे लाडू, एकेक नाव तिच्या डोळ्यांतून सरकताना मी पाहिलं. खोटं एक नाव घेतलं असतं तर आई खूश झाली असती. पण पुन्हा खोटं तिला बोलवेना, आणि खरं तर हे होतं, की तिला काहीच आठवत नव्हतं. चार वर्षांत तिला कशाचीच आस उरली नव्हती.

“आई,” ती म्हणाली. तिने मला छातीशी धरलं आणि ओक्साबोक्शी रडली. कचरापेटीपाशी न आलेलं सगळं रडू त्या दिवशी माझ्या पोटात पडलं.

सुमनबाईने तिला रडू दिलं. मग लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. “नाही आठवत तं राहू दे,” ती म्हणाली. “आठवलं का फोनवर सांगजो. डबा घासून ठेवलाय.”

म्हणून मी इथे आहे, मित्रांनो, झाकण उघडं टाकून, उरलासुरला वास जावा म्हणून. तुमच्या घरचंही कुणी दूर गेलं असेल, किंवा उद्या तुम्हीच जाल. आईने दिलेलं गोड लागेनासं झालं तर त्यात पाप नाही. पण पहिल्याच फोनवर तिला खरं सांगा. ती रागावेल, दोन दिवस बोलणार नाही, पण उन्हात तरी बसणार नाही. एवढी या जुन्या डब्याची विनवणी ऐका.

दर रविवारी फोन येतो. दोघी पुष्कळ बोलतात, आता खरंच बोलतात. आणि फोन ठेवायच्या आधी सुमनबाई माझ्याकडे पाहत एकदा विचारतेच, “आठवलं का वो काही?”

अजून तरी नाही.