शेल्फवरचे दात

मी एक जुना जबडा आहे. घाबरू नका मित्रांनो, मी चावत नाही. मी प्लास्टरचा आहे.

दातांच्या एका छोट्या लॅबमध्ये माझा जन्म झाला. तिथली बाई दवाखान्यांसाठी कवळ्या आणि कॅप बनवते. एकदा तिने स्वतःच्याच मुलीच्या दातांचं माप घेतलं आणि त्यात पातळ प्लास्टर ओतलं. मुलगी तेव्हा शाळकरी होती. पुढचे दात जरा मोठे, म्हणून वडील तिला खारूताई म्हणत. सुकल्यावर आईने माझ्या कडा घासल्या, फुंकर मारली आणि मला खिडकीजवळच्या शेल्फवर ठेवलं.

येणाऱ्या-जाणाऱ्याला ती मला दाखवायची. "हे आमच्या लेकीचे दात. असे मला जन्मात बनवता येणार नाहीत." रोज माझ्यावरची धूळ पुसायची. मला केवढा अभिमान वाटायचा.

खारूताई मोठी झाली, कॉलेजात जाऊ लागली. संध्याकाळी आईला न्यायला लॅबमध्ये यायची. हळूहळू ती ओठ मिटून हसू लागली. गार पाणी प्यायली की डोळे मिटायची. तिचे कपडे सैल होत गेले. आई मात्र कौतुकात रमलेली.

"जेवली रे जेवली की ब्रश करायला पळते," काम न्यायला आलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना ती सांगायची. "नळ सोडून बसते कितीतरी वेळ. शेवटी पोरगी कुणाची."

मग एक दिवस खारूताई लॅबच्या पायरीवर घसरली. नुसता हात टेकला, तर मनगट मोडलं. प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून ती आली, तेव्हा डॉक्टरीणबाई तिथेच होत्या. आई म्हणाली, "हाडांचे डॉक्टर म्हणतात, हाडं ठिसूळ झालीत. या वयात. पाळीही बंद आहे म्हणे, आणि मला पत्ता नाही."

डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून छोटा आरसा काढला. "खारू, आ कर बघू."

तिने आधी हाताने तोंड झाकलं. मग उघडलं.

"वरचे दात आतून झिजलेत. कधीपासून उलट्या काढतेस, बाळा?"

खारूताईने आरसा बाजूला सारला.

"मला फसवलंस तू," आई हळूच म्हणाली. "माझ्या हातचं जेवून, पाठ वळली की..."

"तू बघितलंस कधी मला?" खारूताई म्हणाली. "मी समोर उभी असायचे आणि तू शेल्फकडे बोट करायचीस."

मित्रांनो, फसवणूक माझीही झाली होती. आम्ही एकाच तोंडातले. ती नळाच्या आवाजात स्वतःला रिकामं करत होती आणि मी इथे तिच्या चांगल्या दातांची ग्वाही देत होतो. मला पुढे करून तिला मागे लपता आलं, आईला निश्चिंत राहता आलं. मला कुणी विचारलं नाही.

"ही लबाडी नाही, आजार आहे," डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या. "अन्न अंगी लागत नाही, म्हणून हाडं ठिसूळ झाली. ओरडून हे जाणार नाही. मनाच्या डॉक्टरांकडेही जायचंय, आपण तिघी जाऊ." मग खारूताईकडे वळल्या. "आणि उलटी झालीच, तर लगेच ब्रश नको. नुसत्या पाण्याने चूळ भर. आम्लाने मऊ पडलेला दात घासला की आणखी झिजतो."

आईने पुन्हा माप घेतलं. नवा जबडा माझ्याशेजारी ठेवला. त्याचे पुढचे दात आखूड होते, कडा नखासारख्या पातळ. आईने त्यावरून बोट फिरवलं.

"दात मी बनवीन गं," ती म्हणाली. "हाड कुठून आणू?"

खारूताईने धड असलेला हात तिच्या खांद्यावर ठेवला.

उपचार चालू आहेत. हाडांना वेळ लागेल, मनालाही. आता दोघी लॅबमध्येच डबा खातात आणि जेवण झाल्यावर तिथेच बसून राहतात. काहीबाही बोलतात. कधी खारूताई नळाकडे बघते, मग आई आणखी एक गोष्ट काढते.

मी हे खोक्याच्या फटीतून बघतो, ऐकतो. आईने मला शेल्फवरून काढून झाकण लावून ठेवलंय. राग गेलेला नाही, पण तक्रारही नाही. माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल, मित्रांनो. मी आहे तसाच राहणार. तुमच्या घरात जी रोज थोडीथोडी बदलते आहे, तिच्याकडे बघा.