फळ्या आडव्या की उभ्या

"खींच के, वीरजी," म्हणत करमसिंग मिस्त्रीने दोरी ताणली.

कांचन मागच्या दारात उभी होती. दोरीचं दुसरं टोक लिंबाच्या रोपापाशी, गवतापासून कमरेइतकं उंच, हवेतच होतं. तिथे कोणी नव्हतं. दोरी मात्र तारेसारखी ताठ.

"बारा फूट," मिस्त्री पुटपुटला आणि त्याने फळकुटावर पेन्सिलीने आकडा टाकला.

तिचे यजमान श्यामकांत सोमवारी ऑफिसच्या तपासणीसाठी बटाल्याला गेले होते, मंगळवारी परतणार होते. मंगळवारी संध्याकाळी तिकडे बस अडवून माणसं उतरवून नेल्याची बातमी आली. आज शुक्रवार. ऑफिसातून एकच उत्तर येई, "धीर धरा, वहिनी." मिस्त्रीला आजची वेळ श्यामकांतांनीच दिली होती. पावसाळ्याआधी मागे लाकडी ओटा हवा, बाहेर बसून चहा घेऊ, म्हणाले होते. मिस्त्रीला परत पाठवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. ते शब्द तिला तोंडातून काढायचे नव्हते.

"उधर कौन पकडता है?" तिने विचारलं.

"बडे भाई हैं जी. माप हम दोनों ही लेते थे." त्याने रोपाकडे पाहिलं, घरच्या माणसाकडे पाहावं तसं. "पिछले साल बस से उतार ले गए उनको. दो महीने ढूँढा. तब रस्सी जमीन पर ही पडी रहती थी. फिर लाश मिली, एक ही दिन पुरानी. पाठ करवाया. अगले दिन से पकडने लगे."

"और उससे पहले?"

"जब तक जिंदा थे, कभी नहीं जी. आवाज दो, जवाब नहीं."

कांचनने चौकट घट्ट धरली.

मिस्त्री हिशेबाला बसला. "तख्ते आडे लगे तो चौंतीस, खडे लगे तो उनतीस. टूट-फूट के तीन ऊपर से. लकडी कितनी लाऊँ? साहब से पूछ लो जी."

ती वळली. आत वाळ्याचा पडदा अर्धवट गुंडाळलेला होता, त्यामागे अंधार.

"अहो," तिने हाक मारली, "फळ्या आडव्या टाकायच्या की उभ्या?"

श्वास रोखून ती ऐकत राहिली. मोरीतला नळ टपटपत होता. पडदा हलला नाही. कोणी काही बोललं नाही. तिने पुन्हा विचारलं, मोठ्याने. तरीही नाही.

कांचन पायरीवर मटकन बसली. तिला रडू येत होतं, पण चेहरा हसरा झाला होता.

"साहब घर पे नहीं हैं?" मिस्त्रीने विचारलं.

"नहीं," ती म्हणाली, "बाहर गए हैं. आएंगे तब पूछूँगी. आप दोनों हिसाब लिख के रखो."