खालचे चार

"सात," डॉक्टरबाई म्हणाल्या. मी तीन लिहिलं.

"सहा. सात. रक्त येतंय."

तीन, तीन. रक्ताची खूण केलीच नाही.

खुर्चीत तोंड वासून पडलेल्या बाईंचे पंचवीस दात शिल्लक होते. एकेका दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीत बारीक सळई घालून खोली मोजायची, म्हणजे दीडशे आकडे. डॉक्टरबाई सांगतात, मी लिहिते. तीनपर्यंत ठीक. त्यापुढे गेलं की हिरडी दाताला सोडायला लागली आणि खालचं हाड झिजायला लागलं असं समजायचं. खोलवर सफाई कुठे करायची ते पुढच्या वेळी कागद बघूनच ठरतं. दीडशे आकडे कोण लक्षात ठेवतं? बाकी सगळे मी खरेच लिहिले होते. खोटे फक्त खालच्या पुढच्या चार दातांचे. माझे जे चार पडले, तेच.

अकरा वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच केलं.

खुर्चीतल्या बाई म्हणजे आमच्या मोठ्या बाई, इथे येण्याआधी मी ज्या कापडदुकानात होते त्याच्या मालकांची बहीण. त्यांच्या हाताखाली मी नऊ वर्षं होते. माझ्या हिरड्यांतून तेव्हा रक्त यायचं. रक्त येतं तिथे ब्रश लावायचा नाही, ही माझी अक्कल. आई म्हणाली होती, जखमेला हात लावू नये; मला पटलं. दुखत काहीच नव्हतं. हा मेला आजार दुखत नाही, तिथेच घात करतो. मळ साचत गेला, तोंडाला वास यायला लागला आणि मला पत्ताच नाही. आपल्या तोंडाचा वास आपल्याला कुठे कळतो?

मोठ्या बाईंना कळला. एक दिवस भरल्या दुकानात त्यांनी लवंगांची डबी काउंटरवर आपटली. "आधी हे तोंडात टाक, मग माणसांशी बोल." दुकानातल्या मुली फिदीफिदी हसल्या. दुसऱ्या दिवसापासून माझी रवानगी माळ्यावर, गठ्ठ्यांत, आणि माझं नाव पडलं लवंग. "लवंग, निळं ठाण टाक." "लवंग, खाली येऊ नकोस, गिऱ्हाईक आहे." अगं, दातांच्या डॉक्टरकडे जाऊन ये, असं एकीच्याही तोंडून निघालं नाही. अडतिसाव्या वर्षी पहिला दात पडला, केळं खाताना. पाठोपाठ तीन. उरलेले वाचवायला म्हणून या दवाखान्यात आले, ती इथेच कामाला राहिले.

आज तोंडावर मास्क होता, डोक्याला टोपी, म्हणून मोठ्या बाईंनी मला ओळखलं नव्हतं. मी मात्र त्यांची चाहूल लागताच ओळखलं होतं. पडू देत यांचेही, मी मनात म्हणत होते. तेच चार, एकेक करून, चारचौघांत. फार बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

"घासायचं कसं ते यांना दाखवा," असं मला सांगून डॉक्टरबाई शेजारच्या खोलीत गेल्या.

मोठ्या बाई उठून बसल्या, तोंडावर हात धरून. "अहो ताई, एक विचारू? माझ्या तोंडाला वास येतो का हो? घरात कुणी बोलत नाही. नात मात्र जवळ घेतली की मान फिरवते."

"येतो," मी म्हणाले. दोन अक्षरं, पण काय सुख झालं म्हणून सांगू.

"मी लवंग ठेवते हो तोंडात."

"लवंगेनं हिरडी बरी होत नाही. कुठे घासायचं टाळता तुम्ही?"

"खाली, पुढे. रक्त येतं तिथे नाही लावत ब्रश."

मला हसूच फुटलं. मी मास्क खाली केला. "मीपण नव्हते लावत."

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. माझे खालचे चार खोटे दात बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच पांढरे आहेत.

"अगं, तू लवंग ना?" क्षणात अहो-जाहो संपलं. "इथे असतेस होय? छान झालं बाई. तुझं खरं नाव काय गं? आठवतच नाही मेलं."

नऊ वर्षं. माझी कानशिलं तापली. "कागदावर आहे," म्हणून मी तो पुढे ओढला, पण नाव अजून लिहायचंच होतं. तळाशी डॉक्टरबाईंच्या सहीशेजारी 'नोंद करणारी' असं छापलेलं असतं, तिथे मी पूर्ण नाव घालते. पेन टेकवलं आणि अडकलेच. वर चोवीस आकडे धडधडीत खोटे. त्या बाईच्या दातांची मला काडीची पर्वा नव्हती. पण या एकाच ठिकाणी मला माझ्या नावानं ओळखतात, आणि ते नाव त्या खोट्याखाली घालायचं जिवावर आलं.

मी शेजारच्या खोलीच्या दारात जाऊन डॉक्टरबाईंना हळूच सांगितलं. "खालचे चार परत मोजायला हवेत. मी चुकीचे आकडे लिहिलेत."

"चुकून?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मोठ्या बाईंकडे. "आपण नंतर बोलू," एवढंच म्हणाल्या आणि येऊन सळई उचलली. नोकरी राहील की जाईल, तेव्हा काही कळलं नाही.

या वेळी प्रत्येक आकडा मी मोठ्यानं म्हटला.

"सात."

"सात."

"सहा, रक्त."

"सहा. रक्त."

मोठ्या बाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. खरे आकडे ऐकवण्यात जी मजा आली, ती खोटे लिहिण्यात नव्हती.

"वाचतील ना हो?" त्यांनी विचारलं.

"गेलेलं हाड बहुतेक भरून येत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सफाई केली आणि रोज नीट घासलं, तर दात टिकू शकतात. पण दर तीन महिन्यांनी यायचं. कायमचं."

दर तीन महिन्यांनी. याच खुर्चीत, माझ्यासमोर, तोंड उघडून. मी मऊ ब्रश त्यांच्या हातात दिला, हिरडीच्या कडेला तिरका धरून दाखवला. "जोर नको. रक्त येतं तिथेच आधी." जरा फिरवला न फिरवला तोच ब्रश लाल झाला. त्या थबकल्या. "घासा," मी म्हणाले. "थांबायचं नाही."

जाताना त्या बाहेरच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. "पुढच्या वेळी कुणाला विचारायचं? तुम्हीच असाल ना?" तोंडावर पुन्हा हात. मी तारखेच्या कार्डावर माझं नाव लिहून दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि तळहाताआडून काहीतरी पुटपुटल्या.

"ऐकू नाही आलं," मी म्हणाले. "हात काढून वाचा."

बाकावर दोन पेशंट बसले होते. मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, हात खाली घेतला आणि माझं नाव वाचलं, आडनावासकट.