चौथी फेरी

एवढंसं चाक, मोहरीपेक्षा जरासं मोठं – आणि ते काचेवरून फिरवलं की आपण कुठून तुटायचं हे काचेला समजतं, याचं त्याला अजूनही नवल वाटत होतं. ओरखडा केवढा, तर मांजराच्या पिल्लानं काढावा तेवढा. मग काच टेबलाच्या कडेवर आणायची, खालून हलकीशी टिचकी, की टक्. जोर लावलात तर संपलं, वाट्टेल तशी फुटते. मेव्हण्याच्या दुकानात तो कामाला लागला तेव्हा बघायला माणसं जमली होती. हा डोंगर, हे त्याचे फावड्यासारखे पंजे, आणि म्हणे काचेचं काम! सुरुवातीला त्यानं काचा अशा फोडल्या की बहिणीनं हात जोडले. आता फुटत नाहीत. जोर न लावणं उतारवयात का होईना, जमलं. आणि जोर लावणं... ते तरी आपल्याला कधी जमलं होतं का?

हे असं होतं. कुठूनही निघा, गाडी तिथंच येऊन थांबायची.

“दादा, ती खिडकीची काच तुम्हीच पोचवा,” मेव्हणा गल्ल्यामागून म्हणाला. “गिऱ्हाइकानं मुद्दाम सांगितलंय, तुमच्या त्या मोठ्या माणसाला पाठवा म्हणून. चौकट त्यानं स्वतः केलीय, मापही त्यानंच दिलंय. सुतार आहे.”

“कुठला सुतार?”

मेव्हण्यानं खडूनं काचेच्या कोपऱ्यावर पत्ता लिहिला आणि उगाच तो पुन्हा एकदा गिरवला. “तोच,” तो म्हणाला. “नको वाटत असेल तर मी जातो.”

नको? इतकी वर्षं ज्या माणसाच्या दाराची कडी वाजवायची राहून गेली, त्यानंच बोलावणं धाडलं होतं, आणि नको? त्यानं काच कापडात गुंडाळली, काखेत घेतली आणि निघाला. काच घेऊन चालणाऱ्याला रस्ता आपोआप वाट देतो. डोंगराला तर तशीही देतो. कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्तीवाला नेहमीसारखा ओरडला, “काय चॅम्पियन, आज कुणाला झोपवायला निघालात?” नेहमी तो हसून पुढं जायचा. आज मात्र त्याला वाटलं, थांबावं आणि सांगावं, बाबा रे, तेच तर विचारायला निघालोय.

बाबा रे, गोदामात पोती वाहत होतो तेव्हा मामानं हेरला मला. मामा म्हणजे माझा मामा नव्हे, त्याला सगळेच मामा म्हणायचे. मुष्टियुद्धाच्या लढती जुळवणं हा त्याचा धंदा. तो मामा, आणि मामा बनला तो मी. माझी उंची मोजली, छाती मोजली, दात मोजले – बैल घेताना बघावेत तसे – आणि म्हणाला, तुला बघूनच लोक तिकिटं काढतील. काढली की! गावोगाव भित्तीपत्रकं, त्यावर माझ्या मुठीशेजारी तुलनेला एक भोपळा. समोरचा यायचा, थोडा नाचायचा, मी हात फिरवायचा, तो पडायचा. तो पडला की नियमाप्रमाणे मी लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, आणि मामानं शिकवल्याप्रमाणे लोकांकडं वळून हात वर करायचे, त्यामुळं पडलेल्या माणसाचं तोंड मी कधी बघितलंच नाही. पंच आकडे मोजायचा तेवढे ऐकू यायचे. पडलेले लोक कसे पडतात हे जगज्जेता होऊन गेल्यावरही मला माहीत नव्हतं, काय सांगू!

जगज्जेता केलं ते सुतारानं. म्हणजे सुताराला हरवून तो जगज्जेता झाला, असं आधी पेपरात आलं; मग दोन-तीन वर्षांनी सुतारानंच पेपरात सांगितलं, मी पैसे घेऊन पडलो. झालं. एकानं तोंड उघडल्यावर सगळ्यांनी उघडली. चौकशी बसली. मामानं हात वर केले. “किती खऱ्या होत्या, मामा?” असं त्यानं विचारलं तेव्हा मामा म्हणाला, “तू जिंकलास ना? मग झालं तर.” आणि मरून गेला, उत्तर बरोबर घेऊन. त्याआधीच एका चपळ पोरसवदा गड्यानं डोंगराला इतक्यांदा लोळवलं होतं की शेवटी प्रेक्षक हसायला लागले. पडायचा आणि उठायचा, पडायचा आणि उठायचा. जबडा मोडला. ते हरणं मात्र त्याचं स्वतःचं होतं, त्यात कुणाची भागीदारी नव्हती. पण एक – सगळ्यांतली एक तरी लढत आपण खरोखर जिंकलो होतो का? एवढंच हवं होतं. एक असली तरी पुरे. ती नसली, तर आयुष्यभर आपण नुसते हवेत हात फिरवत उभे होतो.

दार सुताराच्या बायकोनं उघडलं. आधी त्याच्या छातीशी बोलली, मग मान वर करून हसली. “अगंबाई, केवढे हो! या भाऊजी, डोकं सांभाळा.” आत लाकडाचा भुसा, सरसाचा वास, भिंतीला टेकून नवी चौकट. सुतार वाळला होता. तो उठला नाही, अख्खी मान वळवून, कोंबडीनं बघावं तसं त्यानं बघितलं आणि म्हणाला, “आलास? बरं झालं.”

काच बसेना. चौकटीत टेकवली तर एका बाजूला बोटभर फट राहत होती. त्यानं पुन्हा टेकवली, उलटी करून टेकवली. काच बरोबर होती, खडूनं लिहिलेल्या मापाप्रमाणं अगदी बरोबर. चुकलं होतं ते माप. जन्मभर लाकूड मोजलेला माणूस बोटभर चुकतो कसा?

“ह्यांचा डावा डोळा अधू आहे ना,” बायको म्हणाली. “कामावर खिळा उडून लागला होता. आणि हल्ली दुसऱ्यानंही कमी दिसतं. पण माप मीच घेणार! हट्ट जात नाही. बसा, चहा टाकते.” ती आत गेली आणि भांड्यांचा आवाज सुरू झाला.

आता विचारावं. वाक्य तर कधीपासून तयार होतं, रोज आंघोळ करताना म्हणून बघितलेलं... पण आधी बोलला तो सुतारच. आवाज खाली घेऊन, आतल्या दाराकडं कान ठेवून.

“सहाव्या फेरीत पडायचं ठरलं होतं. पैसे घेतले होते, ते खोटं नाही. पण मी पडलो कधी?”

“चौथ्या.”

“हां. चौथी सुरू झाली आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, ह्या भोपळ्यापुढं पडायचं? मी? खड्ड्यात गेला तो मामा. ह्यालाच आडवा करतो. आणि आलो पुढं, खरंखुरं मारायला...” सुतारानं हात उचलला, तो तसाच खाली ठेवला. “मग एकदम छत दिसलं. दिवे होते त्याला.”

“मग पेपरात ते...”

“विकला गेला म्हटलं तर लोक शिव्या देतात. तुझ्याकडून मार खाल्ला म्हटलं असतं तर हसले असते रे. शिव्या परवडल्या.” मग आणखी हळू, “खिळाबिळा काही नाही. डोळा त्या दिवशीचा आहे. हिला सांगितलं नाही कधी. म्हटलं, दिसतंय तोवर तुझं तोंड बघून सांगून टाकावं.”

त्याला आनंद झाला. खोटं कशाला बोला! पोटातून ऊन ऊन काहीतरी वर आलं, कान तापले, उठून त्या मोडक्या खोलीत नाचावंसं वाटलं. मी मारला. मी! आणि त्याच वेळी सुतार त्याच्याकडं बघत होता, म्हणजे उजवा डोळा बघत होता. डावा नुसता उघडा होता, खिडकीकडं की कुठं, आणि त्यात काहीच नव्हतं. सगळंच नाटक तर कुणाला काय लागणार, या भरवशावर तो इतकी वर्षं निवांत झोपला होता, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

“दुखलं होतं का रे?” त्यानं विचारलं. किती खुळ्यासारखं.

सुतार खो खो हसला. “डोंगर अंगावर आल्यावर गुदगुल्या होतात काय?”

“काय एवढं हसणं चाललंय?” बायको चहा घेऊन आली. सुतारानं कप घ्यायला हात पुढं केला तो कपाच्या अलीकडंच थांबला. तिनं सवयीनं कप त्याच्या बोटांत दिला. मग पाहुण्याकडं वळून, अगदी मनापासून म्हणाली, “भाऊजी, राग मानू नका हं. ह्यांनी पेपरात सांगितलं त्यानं तुमचं नाव खराब झालं, मला वाईट वाटतं. पण खरं ते खरं. ह्यांना पाडायची कुणाची टाप नव्हती तेव्हा. ठरलं होतं म्हणून पडले.”

सुतार चहा पीत राहिला. कपावरून त्याचा तो एक डोळा डोंगरावर होता, आणि त्यात विनवणी नव्हती. तुझं आहे ते, घे हवं तर, असं काहीसं होतं. कसा चहा तो, जिभेला चव लागेना. एक वाक्य. ज्यासाठी एवढं...

“खरंय वहिनी,” तो म्हणाला. “माझ्याच्यानं कुठला पडतोय हा!”

ती समाधानानं हसली. उद्या बरोबर मापाची काच घेऊन येतो म्हणून त्यानं स्वतः चौकट मोजली, दोनदा मोजली, आणि आखूड काच कापडात गुंडाळून निघाला.

दुपारचा रस्ता रिकामा होता. आपण चांगले वागलो असं त्याला वाटत होतं, आणि त्यावर भरवसा बसत नव्हता. कुणासाठी म्हणालो मी तसं? तिच्यासाठी? सुताराचा मान राहावा म्हणून? की ती लढत खोटी म्हटली की डोळ्याचा दोषही आपला राहत नाही, तो पुन्हा खिळ्याचा होतो – म्हणून? आणि बाकीचे? तो लाल केसांचा, जो आकडे संपले तरी उठला नव्हता, आणि मामा म्हणाला होता, नाटकी आहे मेला, आणि मी हसलो होतो... तो पुढं काय करत होता? कुठं राहतो? आहे का? एक तरी खरी असावी म्हणून जन्मभर देव पाण्यात घातले, आणि आज भर रस्त्यात तो मनाशी घोकत होता, असू देत, सगळ्या खोट्याच असू देत, अगदी सगळ्या... ही एक सोडून. तो थबकला. ही एकही खोट्यांतच घालायला हवी होती. त्यानं पुन्हा सुरुवातीपासून म्हणून बघितलं, सगळ्या, अगदी सगळ्या – आणि दर वेळी तिथवर आलं की तोंड मिटायचं आणि कान तापायचे.